भिंत कोसळते तेव्हा कॉम्प्युटर का अडखळतो?

गेल्या मे महिन्यात, दहावीचा निकाल लागून चार दिवस झाले असतील, कुवेतहून आमच्या मेहुण्यांचा फोन आला. सलाम-दुआ झाली, खैरियत विचारून झाली, यंदा हापूस कसा आहे तेही विचारून झाले. मग जरा थांबून म्हणाले, "भाईजान, पोरगा नवा कॉम्प्युटर मागतोय. पंच्याऐंशी हजारांचं कोटेशन पाठवलंय त्याने. म्हणतो, अकरावी सायन्सला लागतो. तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच सांगा, खरंच एवढा लागतो का?"

आमची पंचाईत झाली. आमचे विषय उर्दू आणि मराठी. कॉम्प्युटर म्हणजे आम्हाला हजेरी आणि निकालपत्रक, त्यापलीकडे फारसे नाही. पण दुसऱ्याच दिवशी बहिणीने हळूच सांगितले की, एवढे पैसे पाठवले तर यंदा त्यांचे सुट्टीला येणे होणार नाही. दोन वर्षे झाली त्यांना घरी येऊन. मग हा प्रश्न निव्वळ कॉम्प्युटरचा राहिला नाही.

रविवारी असरनंतर आम्ही राजिवड्याला बहिणीकडे गेलो. भाच्याने कोटेशन दाखवले. पंच्याऐंशी हजारांपैकी बेचाळीस हजार एकट्या ग्राफिक कार्डाचे होते. अभ्यासाला ग्राफिक कार्ड कशाला, असे विचारताच साहेब खाली बघू लागले. खरी गोष्ट अशी निघाली की कोकणनगरमध्ये त्याच्या मित्राकडे दुबईहून आणलेला कन्सोल आहे. त्यावर इमारती पाडण्याचा एक खेळ आहे. घण मारला की भिंतीला भगदाड पडते, खांब तुटला की मनोरा त्या बाजूला कलतो आणि कोसळतो. तोच खेळ ह्याने कॉम्प्युटरसाठी विकत घेतला. घरचा कॉम्प्युटर म्हणजे लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गासाठी घेतलेला सेकंडहँड डबा. खेळ सुरू होतो, माणूस चालतो, सगळे बरे दिसते. पण मनोरा कोसळू लागला की चित्र थबकत थबकत पुढे सरकते. "मामू, कन्सोल तर ह्याच्याहूनही जुना आहे. मग त्यावर कसा चालतो?"

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर आम्हाला येत नव्हते. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले, आठ-दहा दिवस वाचन केले, भाच्याकडूनही पुष्कळ शिकलो. अशाच कोटेशनचे फोटो अनेक घरांतून आखातात जात असणार, म्हणून जे समजले ते इथे मांडतो.

कन्सोल म्हणजे खेळासाठीच केलेली पेटी. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आला तेव्हा विकल्या गेलेल्या प्रत्येक पेटीत तोच आठ कोअरचा प्रोसेसर आणि तीच ८ जीबी मेमरी होती. रत्नागिरीतल्या पेटीत जे, तेच टोकियोतल्या पेटीत. खेळ करणाऱ्याला नेमके ठाऊक असते की एका क्षणात ही पेटी किती हिशेब करील. तो तेवढाच स्वयंपाक शिजवतो. त्याच्या आधीच्या, २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ मध्ये तर मुख्य प्रोसेसरच्या जोडीला खेळासाठी सहा छोटे मदतनीस प्रोसेसर होते, आणि पडझडीचा हिशेब त्यांच्याकडे वाटून देता येत असे. कॉम्प्युटरचे तसे नाही. कुणाकडे दोन कोअर, कुणाकडे सोळा; कुणाची मेमरी ४ जीबी, कुणाची ३२; कुणाकडे कार्ड, कुणाकडे बोर्डावरचेच ग्राफिक. एकच बिर्याणी पन्नास माणसांच्या देगेत आणि चहाच्या पातेल्यात शिजवायची, आणि चव एकच यायला हवी, असा हा मामला आहे.

चित्राच्या बाबतीत ही अडचण सुटलेली आहे. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते. १९२० गुणिले १०८० अशा पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके येतात. तेच चित्र १२८० गुणिले ७२० वर आणले की ठिपके ९ लाख २१ हजार ६०० होतात, म्हणजे निम्म्याहून कमी काम. सावल्या काढून टाका, पाण्यातले प्रतिबिंब काढून टाका, आणखी हलके. चित्र जरा धूसर होते, पण भिंत भिंतच राहते आणि जिथे होती तिथेच राहते. ज्याच्याकडे दमदार कार्ड आहे त्याला झाडाचे पान न् पान दिसेल, आपल्याला नुसते झाड दिसेल. खेळ मात्र दोघांचा एकच.

भौतिकशास्त्राचे तसे होत नाही. उर्दू पुस्तकांत ह्या शास्त्राला 'तबीइयात' म्हणतात, आपल्या 'तबियत' शब्दाचा तो भाऊबंद. खेळातल्या वस्तूंची तबियत कशी, म्हणजे त्या किती जड, किती वेगाने पडतील, कशावर आपटून कुठे उडतील, हे ठरवणारे गणित म्हणजे खेळाचे भौतिक. हे गणित निम्मे करून भागत नाही. आमच्या सहकाऱ्यांनी फळ्यावर एक हिशेब करून दाखवला, तो पाहिल्यावर आमचे डोळे उघडले.

वरून दगड सोडला तर पहिल्या सेकंदात तो किती खाली येईल? गुरुत्वाकर्षणाने वेग सेकंदाला १० मीटरने वाढतो असे धरले तर उत्तर ५ मीटर. पण कॉम्प्युटर हे सलग मोजत नाही, तुकड्यातुकड्याने मोजतो. आधी वेग वाढवायचा, मग त्या वेगाने दगड खाली सरकवायचा. सेकंदाचा एकच तुकडा धरला तर वेग १० झाला आणि दगड १० मीटर खाली गेला, म्हणजे दुप्पट. दोन तुकडे केले तर पहिल्या अर्ध्या सेकंदात अडीच मीटर, दुसऱ्यात पाच, मिळून साडेसात. दहा तुकडे केले तर साडेपाच. तीस केले तर ५ मीटर १७ सेंटिमीटर, साठ केले तर ५ मीटर ८ सेंटिमीटर. म्हणजे नियम तोच, दगड तोच, तरी मोजण्याच्या घाईप्रमाणे तो वेगवेगळ्या ठिकाणी पोचतो.

अनेक खेळांत चित्र जितक्या वेळा रंगते तितक्याच वेळा हा हिशेब होत असे. कन्सोलवर चित्र सेकंदाला ३० वेळा बदलणार हे ठरलेले, त्यामुळे कुणाला काही जाणवत नसे. तोच खेळ कॉम्प्युटरवर आला आणि एखाद्याच्या यंत्राने चित्र १०० वेळा बदलले की गंमत सुरू. 'जीटीए सॅन अँड्रियास' हा खेळ २००४ साली प्लेस्टेशन २ वर आणि २००५ साली कॉम्प्युटरवर आला. (त्यातली मारामारी आणि भाषा पाहता तो अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही, हे इथेच सांगून ठेवतो, आपल्या गावांतल्या सायबर कॅफेंत तो कोण खेळत होते ते सर्वांना माहीत आहे.) त्याच्या सेटिंगमध्ये 'फ्रेम लिमिटर' नावाचे एक बटण आहे. ते बंद केले की वेगवान कॉम्प्युटरवर त्यातला नायक पाण्यात हातपाय मारतो, पण जागचा हलत नाही म्हणावे इतका हळू पोहतो. यंत्र जेवढे चांगले, तेवढे पोहणे वाईट! भाच्याला हे बटण माहीत होते, कारण मात्र माहीत नव्हते. २०१४ सालच्या 'डार्क सोल्स २' मध्ये कन्सोलवर सेकंदाला ३० चित्रे होती. कॉम्प्युटरवर ६० झाली आणि तलवारी दुप्पट वेगाने झिजू लागल्या. ती चूक पुढच्या वर्षी दुरुस्त झाली. 'स्कायरिम' मध्ये चित्रांचा वेग ६० च्या वर नेला की मेजावरच्या थाळ्या आणि पेले आपोआप उडू लागतात.

यावर उपाय सापडलेला आहे आणि तो आता बहुतेक चांगले खेळ वापरतात. भौतिकाचा हिशेब सगळ्यांच्या यंत्रावर सेकंदाला ठरलेल्या संख्येनेच करायचा, समजा ६० वेळा. चित्र मग ज्याचे त्याने जमेल तितक्या वेळा रंगवावे. मशिदीतली जमात ठरल्या वेळी उभी राहते, कुणी जवळून येवो की दुरून, तसेच. यामुळे वेगवान यंत्राचा प्रश्न सुटतो. हळू यंत्राचा सुटत नाही. ज्या यंत्राला साठ हिशेब एका सेकंदात आटपतच नाहीत, त्याची उधारी साचत जाते. मागचे भागवता भागवता पुढचे तुंबते, ते भागवायला आणखी वेळ जातो, आणखी तुंबते. अखेर खेळाला एकच मार्ग उरतो, स्वतःचे घड्याळ हळू करायचे. आमच्या भाच्याचा मनोरा थबकत पडत होता तो बहुधा असाच.

हिशेब एवढा का वाढतो? ईदगाहावर नमाजनंतर दहा माणसे एकमेकांना गळाभेट देऊ लागली तर एकूण ४५ भेटी होतात. शंभर माणसे असतील तर ४,९५०, आणि हजार असतील तर ४ लाख ९९ हजार ५००. भिंत उभी असते तोवर ती एक वस्तू. तिचे हजार तुकडे झाले की कोणता तुकडा कोणाला धडकतो हे पाहायला, सरळ मोजले तर प्रत्येक फेरीला इतक्या जोड्या तपासाव्या लागतील. हुशार प्रोग्रामर जागेचे चौकोन पाडतो आणि शेजारच्या चौकोनातलेच तुकडे तपासतो. त्यामुळे काम खूप घटते, तरी उरतेच. शिवाय ढिगाऱ्यात खालचा तुकडा हलला की वरचा हलतो, त्याच्यावरचा हलतो. हे काम माणसे वाढवून पटकन होत नाही. दोन ढीग दोघांना वाटून देता येतात, एकच ढीग वाटून देणे कठीण.

इथे भाच्याने एक प्रश्न विचारला. "मग लहान कॉम्प्युटरवर तुकडे कमी का नाही करत?"

सगळा तंटा नेमका इथेच आहे. तुकडे दोन जातींचे असतात. काही नुसते दाखवायचे असतात. उडणारे कागद, धूळ, काचेचा चुरा, फडफडणारा पडदा. हे कमी केले तर खेळात काही बिघडत नाही. २००९ सालच्या 'बॅटमॅन: अर्काम असायलम' मध्ये एनव्हिडियाचे कार्ड असलेल्यांना जमिनीवरचे कागद पायाने उडताना दिसत, धुके हलताना दिसे, इतरांना ते दिसत नसे, पण गोष्ट दोघांचीही तीच पुढे जात असे. दुसऱ्या जातीचे तुकडे मात्र ठरवणारे असतात. मनोरा कुठल्या बाजूला पडला, त्याने रस्ता अडला की पूल मोडला, शत्रू त्याखाली सापडला की निसटला. २००९ च्याच 'रेड फॅक्शन: गरिला' या खेळात इमारतीच्या कोणत्या भागावर किती भार आहे याचा हिशेब सतत चालू असतो आणि त्यावरच सारा खेळ उभा आहे. हे तुकडे लहान यंत्रावर निम्मे केले तर मनोरा वेगळा पडेल. दोन मुले दोन घरांतून एकत्र खेळत असतील तर एकाला रस्ता मोकळा दिसेल, दुसऱ्याला बंद. तो मग एकच खेळ राहणार नाही.

भौतिकाने भरलेला कन्सोलचा खेळ सर्व प्रकारच्या कॉम्प्युटरांवर बसवता येतो का, याचे आमच्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे: येतो, पण करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून या दोन जाती वेगळ्या ठेवल्या असतील तरच. आणि ठरवणाऱ्या भौतिकाचा आवाका त्याने सर्वांत गरीब यंत्राला झेपेल एवढाच ठेवला पाहिजे. ते जमत नसेल तर गरीब यंत्राला सरळ नाही म्हणावे. 'टिअरडाउन' या स्वीडनमधल्या खेळात जवळपास सगळे जग फोडता येते. तो २०२२ साली कॉम्प्युटरवर पूर्ण झाला आणि २०२३ मध्ये कन्सोलवर आला तेव्हा प्लेस्टेशन ५ वर आला, प्लेस्टेशन ४ वर नाही. आम्हाला हा प्रामाणिकपणा आवडला. निदान लोकांचे पैसे वाया जात नाहीत. याउलट २०१५ च्या जूनमध्ये 'बॅटमॅन: अर्काम नाइट' कॉम्प्युटरवर इतक्या वाईट अवस्थेत आला की दोनच दिवसांत त्याची विक्री थांबवावी लागली आणि ती ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली.

दुर्बळ यंत्रावर भौतिक चालतच नाही असेही कुणी समजू नये. २०२३ सालचा 'झेल्डा: टिअर्स ऑफ द किंग्डम' निन्टेंडो स्विचवर आला. स्विचची मेमरी सारी ४ जीबी, आणि यंत्र २०१७ चे. तरी त्यात फळ्या, चाके, पंखे जोडून गाड्या आणि होड्या बनवता येतात, आणि त्या वजनाप्रमाणे कलतात, बुडतात. यंत्र एकच आणि ओळखीचे असले की किती काढून घेता येते, याचा हा नमुना.

हिशेब दूरच्या सर्व्हरवर करून नेटवरून घरी पाठवायचा, असाही एक डाव होऊन गेला. 'क्रॅकडाउन ३' साठी मायक्रोसॉफ्टने अख्खे शहर पाडून दाखवण्याचे स्वप्न २०१५ साली दाखवले होते. २०१९ मध्ये खेळ आला तेव्हा ती पडझड फक्त अनेकांनी मिळून खेळायच्या एका भागापुरती उरली होती. आमच्याकडे जूनच्या पहिल्या वाऱ्यात तार तुटते आणि नेट जाते. आमचा मनोरा अर्धवट पडून हवेतच थांबला असता.

आपल्या महाराष्ट्रातले पाहायचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे नाव घ्यावे लागेल. त्यांचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. म्हणजे सर्वांत हलक्या यंत्रावर आधी, मग मोठ्यांवर. त्या खेळात उड्या आहेत, भिंतीवरून धावणे आहे, लढाई आहे. शहर पाडण्याचा हट्ट नाही. लहान चमूने हा रस्ता धरला यात आम्हाला शहाणपण दिसते. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' हा खेळ मोबाइलसाठी काढला. आपल्या देशात खेळ करायचा तर दहा-बारा हजारांचा फोन धरून चालावे लागते. हे आपल्या मुलांना उद्या उपयोगी पडणारे ज्ञान आहे, म्हणून भाच्याला ही दोन नावे वहीत लिहून घ्यायला लावली.

आता कोटेशनकडे. दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो आणि एक सोपी परीक्षा घेतली. ती कुणालाही घरी घेता येईल. खेळातले चित्र सेटिंगमध्ये सर्वांत लहान केले, सावल्या बंद केल्या. माणूस झकास पळू लागला. मग मनोरा पाडला. पुन्हा तेच थबकणे, आधीइतकेच. चित्राचा भार जवळजवळ काढून टाकल्यावरही अडखळणे तसेच राहिले, म्हणजे दोष चित्र रंगवणाऱ्याचा नव्हता, हिशेब करणाऱ्याचा होता. प्रोसेसर जुना, दोन कोअरचा. बेचाळीस हजारांचे कार्ड बसवले असते तर मनोरा अधिक सुंदर दिसला असता आणि तितकाच अडखळत पडला असता. चित्र लहान करून अडखळणे गेले असते तर गोष्ट वेगळी होती, मग कार्डाचा विचार करायला हरकत नव्हती. गंमत म्हणजे त्या पंच्याऐंशी हजारांत प्रोसेसर सर्वांत स्वस्तातला धरला होता आणि बाकी पैसे रंगीत दिवे लागणाऱ्या डब्यात घातले होते. खाडीच्या खाऱ्या हवेत ते दिवे किती महिने लागले असते ते अल्लाह जाणे.

मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात आम्ही दोघे बसलो आणि नवे कोटेशन करून घेतले. सहा कोअरचा प्रोसेसर, ज्यात साधे ग्राफिक आतच येते, त्याला लागणारा बोर्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी. डबा, मॉनिटर आणि कीबोर्ड घरचेच. एसएमपीएस तेवढा तपासून घेतला, तोही चांगला निघाला. एकूण अठ्ठावीस हजार. अकरावी-बारावीला आणि पुढे प्रोग्रामिंग शिकायला एवढा पुरून उरेल. कार्डाची जागा बोर्डावर रिकामी आहे. दोन-चार वर्षांनी स्वतःच्या कमाईने बसवायचे असेल तर बसव, असे त्याला सांगितले. तो खूश नव्हता. दुकानातून घरी येईपर्यंत बोलला नाही. रात्री मात्र त्याने दगड पडण्याचा तो हिशेब एक्सेलमध्ये मांडला आणि आम्हाला पाठवला, हजार तुकड्यांपर्यंत. उत्तर ५ मीटर अर्धा सेंटिमीटर आले होते.

शुक्रवारी मेहुण्यांचा फोन आला. आम्ही आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, "आणि त्याचा तो खेळ? चालेल ना?"

"चालेल," आम्ही म्हणालो. "फार मोठा मनोरा पाडला तर थोडा अडखळेल."

"अडखळू दे," ते म्हणाले. "मी तिकीट बघतो."